डोंगरावरचा माझा डबा

दरवर्षी मे महिन्यात आमची टीचर पलंगाखालची बॅग बाहेर काढायची आणि त्या दिवसापासून माझं डोकं फिरायचं. आता सत्तरी ओलांडली, खोटं बोलून काय मिळवायचंय? जळायचे मी. माणसावर जळणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या, मी एका डोंगरावर जळायचे.

टीचर म्हणजे डिलाईल रोडच्या चाळीतली माझी समोरची शेजारीण. मधे अंधारा पॅसेज, एका बाजूला आमची खोली, दुसऱ्या बाजूला तिची, दारं समोरासमोर. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. मूळची नगरकडची, ख्रिस्ती. लग्न केलं नाही. का नाही केलं ते मी पहिल्या दहा वर्षांत विचारलं नाही आणि नंतर विचारायची गरज राहिली नाही. चाळीत लहान-थोर सगळे तिला टीचर म्हणायचे, म्हणून मीही टीचरच म्हणते, पण अगं-तुगं करून. आणि ती मला म्हणते बाय. माझ्या सासूबाई मला 'गो बाय' म्हणून हाक मारायच्या, ते तिने उचललं. नगरची बाई मालवणी बोलायला लागली की ऐकायला गंमत वाटते.

मी अठराव्या वर्षी लग्न होऊन आले ती सरळ खाणावळीत शिरले. सासूबाई गिरणीतल्या गाववाल्यांना जेवू घालायच्या. एवढ्याशा खोलीत दोन वेळेला मिळून चाळीस पानं उठायची. शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं मी वाचून वाचून शिकले. पुडीचा कागदसुद्धा फेकायच्या आधी दोन्ही बाजूंनी वाचायचे. कुठे अडलं की कागद घेऊन समोर. टीचर उंबऱ्यावर बसून माझ्याबरोबर लसूण सोलायची आणि शब्द सांगायची. असं आमचं पन्नास वर्षं.

त्यातले मे महिन्यातले दहा दिवस मात्र डोंगराचे.

तिच्या चर्चच्या लोकांना ती 'मंडळी' म्हणते. त्या मंडळीचं दरवर्षी शिबिर असतं, घाटाच्या अलीकडे. राहायला लांबट कौलारू खोल्या, एक प्रार्थनेचा हॉल, स्वयंपाकघर, आणि मागे डोंगर. डोंगराच्या माथ्यावर मोठा पांढरा क्रूस. खालच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीतूनसुद्धा दिसतो. शिबिराच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून त्याला चुना लावतात. वर पाणी नाही, म्हणून ज्याने त्याने आपलं पाणी आपण घेऊन चढायचं. कोणी कळशी, कोणी बाटली, पोरं तांब्या. वर सगळ्यांचं पाणी एकत्र ओतायचं आणि त्यात चुना कालवायचा. मी तिथे कधी गेले नव्हते, तरी मला हे सगळं तोंडपाठ. कारण परत आली की पुढचे पंधरा दिवस दुसरा विषय नाही. वारा काय येतो, करवंदं काय लागतात, आणि अक्काने भाकऱ्या काय केल्या होत्या.

ही अक्का म्हणजे तिथलं स्वयंपाकघर सांभाळणारी बाई. माझ्या पोटातलं खरं दुखणं ते. ज्या बाईने आयुष्यभर माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं खाल्लं, तापात माझ्या हातची पेज प्यायली, ती माझ्याच उंबऱ्यावर बसून दुसरीच्या भाकऱ्यांचं कौतुक करणार. अरे, मी खाणावळवाली. मला डोंगराचं सांग, देवाचं सांग, भाकरीचं नको सांगू.

टीचरच्या भिंतीवर शिबिरांचे फोटो ओळीने लावलेले. दर वर्षाचा एक. मागे डोंगर, वर क्रूस, पुढे तीन रांगांत माणसं, आणि टीचरच्या शेजारी दरवर्षी तीच अक्का. पहिल्या फोटोंत नुसती उभी. पुढे पुढे खांद्यावर हात. ती शिबिराला गेली की खोलीची किल्ली माझ्याकडे. मी पाणी भरायचे, ओव्याच्या कुंडीला घालायचे आणि दुपारी तिथेच पंख्याखाली पडायचे. पडल्या पडल्या समोर तेच फोटो. एका वर्षी मी आमच्या मंडळाचं गणपतीचं कॅलेंडर आणलं आणि त्या फोटोंवर टांगलं. टीचर आली, कॅलेंडर काढलं, दुसऱ्या भिंतीवर लावलं. संध्याकाळी करवंदं घेऊन आली. मी ती खाल्ली आणि म्हटलं, आंबट आहेत.

आता डब्याचं सांगते.

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव होतं, पण सासूबाईंचं नाहीतर मिस्टरांचं. खाणावळ माझ्या हातात आली तेव्हा मी लालबागला जाऊन एक मोठा स्टीलचा डबा घेतला. दुकानदाराने नाव घालायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, नाव काय टाकू? मी माझं सांगितलं. मग म्हणाला, मिस्टरांचं सांगा. मी म्हटलं, डबा माझा आहे. बिचाऱ्याने टर्र टर्र करत माझं नाव आडनावासकट कोरलं. त्या डब्यावर माझा फार जीव. त्यात मी दरवर्षी टीचरला शिबिरासाठी बेसनाचे लाडू करून द्यायचे. जळत होते तरी द्यायचे. लाडू न देता पाठवली असती तर चाळीत काय तोंड दाखवलं असतं?

आणि आमच्यात एक रीत होती, सगळ्या चाळीतच होती. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. वाटीभर आमटी गेली तर त्या वाटीत निदान साखर घालून यायची. टीचरने ती रीत कधी मोडली नाही. पण नऊ-दहा वर्षांपूर्वी शिबिराहून आली ती डब्याशिवाय. म्हणाली, अक्काला पिठासाठी बरा वाटला, राहू दे म्हटलं, पुढच्या वर्षी आणते. पुढचं वर्ष आलं नि गेलं. डबा ना भरलेला आला, ना रिकामा. माझं नाव त्या बाईच्या फळीवर जाऊन बसलं. डबाच नाही, या सबबीवर मी लाडूही बंद केले.

मग चाळ पाडायचं ठरलं. नवीन इमारत होईपर्यंत तीन वर्षं तरी दुसरीकडे राहायचं. कमिटीने सांगितलं, ज्यांना तिथे शेजारी-शेजारी खोल्या हव्यात त्यांनी दोघांच्या सह्या करून एक अर्ज द्यायचा. मी त्याच संध्याकाळी अर्ज आणला, माझी सही केली आणि टीचरच्या हातात दिला. ती म्हणाली, बघू. आठवड्याने विचारलं, तरी बघू. महिना झाला आणि एक दिवस मेथी निवडता निवडता तिने सांगितलं. अक्काची नजर कमी झालीय, एकटीला कोठी झेपत नाही. शिबिराच्या लोकांनी टीचरला तिथे राहायला बोलावलंय. एक खोली देतील, वर्षभर तिथे कोणा ना कोणाची शिबिरं चालतात त्या कोठीवर लक्ष ठेवायचं, गावातल्या मुलांना शिकवायचं.

"तीन वर्षं तिथेच राहीन म्हणते," ती म्हणाली.

मी मेथीच्या काड्या पानांत टाकल्या आणि पानं कचऱ्यात.

चार दिवस मी दार ओढून घेतलं होतं. पाचव्या दिवशी जाऊन सांगितलं, यंदा मीपण येते शिबिराला. टीचर बघतच राहिली. दरवर्षी ती मला चल म्हणायची आणि दरवर्षी माझं उत्तर ठरलेलं: मला कुठे वेळ? खाणावळ बंद होऊन किती वर्षं झाली, तरी उत्तर तेच. आता काय झालं म्हणून तिने विचारलं, तर म्हटलं, माझा डबा आणायचाय. सून म्हणाली, आई, एका डब्यासाठी घाटापर्यंत? मी ऑनलाइन मागवते ना. मुलगा नुसता हसला. म्हणाला, आई डब्याला नाही, टीचरला परत आणायला चाललीय. पर्समध्ये अर्जाची घडी घालताना त्याने मला पाहिलं असणार.

दादरहून त्यांची बस सुटली. सगळ्या रस्ताभर गाणी. मी खिडकीशी. घाट जवळ आला तशी पोरं ओरडायला लागली, दिसला, दिसला. बघितलं तर तो क्रूस. फोटोत बोटाएवढा दिसायचा. प्रत्यक्षात डोंगर संपून आभाळ सुरू होतं तिथे पांढराशुभ्र उभा. चांगलं दिसत होतं ते, नाही कशाला म्हणू? त्यामुळे तर आणखीच लागलं.

अक्काला बघून मात्र माझी फजिती झाली. मी मनात एक धिप्पाड, गालातल्या गालात हसणारी बाई उभी केली होती. समोर आली ती माझ्या खांद्याला लागेल एवढी, जाड भिंगांचा चष्मा, मनगटापासून कोपरापर्यंत तव्याच्या कडेचे चटके. तसेच माझ्याही हातावर आहेत. टीचरने सांगितलं, ही आमच्या चाळीतली माझी शेजारीण. नाव नाही सांगितलं, तिला काय माहीत पुढे काय होणार ते. पण मला ते 'शेजारीण' झोंबलं. पन्नास वर्षांनी मी नुसती शेजारीण.

माझा डबा मला आल्याआल्याच दिसला. सगळ्यात वरच्या फळीवर, एकटा, त्याच्यावर विणलेला रुमाल. पीठबीठ काही नाही. बाजूच्या पातेल्यांवर, पराती-कळशांवर कोणाकोणाची नावं कोरलेली. म्हटलं, निघताना मागू.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर मुलांच्या वर्गावर गेली आणि मी कांदे चिरायला बसले. हात रिकामे ठेवायची सवय नाही. तिथे रोज काम सुरू करायच्या आधी अक्का प्रार्थना करते. सगळ्या बायकांनी हातातलं ठेवलं, मीही सुरी ठेवली. अक्काने डोळे मिटले. आजच्या धान्याबद्दल उपकार मानले, पाण्याबद्दल मानले, आणि मग जी माणसं प्रभूजवळ गेली आणि ज्यांची भांडी आज आमच्या उपयोगी पडतात त्यांच्याबद्दल उपकार मानायला लागली. एकेक नाव घ्यायची. कोणाचे सासरे, कोणाची मुलगी. आणि त्यांत माझं नाव आलं. आडनावासकट.

सगळ्या आमेन म्हणाल्या. माझ्या तोंडूनही सवयीसारखं आमेन निघून गेलं. मग म्हटलं, "अक्का, मी जिवंत आहे."

तिला काही उमगेना. मी वर डब्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे केलं. ती उठली, चष्मा पुसला, जवळ आली आणि माझा दंड चाचपून बघितला, भाजी बघावी तसा. आणि जी हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. बाकीच्या बायका तोंडात पदर धरून.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. तिथे नाव घातलेलं भांडं यायचं ते कोणाच्या तरी आठवणीसाठीच. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने लोक पातेलं देतात, परात देतात. त्यात माझा डबा आला, त्याच्यावर ठसठशीत बाईचं नाव. अक्काने तो पिठाला मागून घेतला होता खरा, पण नाव वाचल्यावर तिला त्यात पीठ भरवेना. टीचरला विचारायचं धाडस झालं नाही, उगाच तिचं दुःख कशाला उकरायचं म्हणून. विणलेला रुमाल तिनेच केला होता.

"आणि का नाही वाटणार?" अक्का म्हणाली. "तुमच्या सासूबाई, तुमची चाळीस पानं, तुमचं ते तिखलं, तुम्ही पुडीचे कागद वाचायच्या ते, सगळं मला ठाऊक. इतकं बोलतं माणूस ते गेलेल्याबद्दलच. जिवंत असत्या तर एवढ्या वर्षांत एकदा तरी आल्या नसत्या का?"

मी कांदा हातात घेतला. बरं झालं कांदाच होता.

मग ती जरा पुढे सरकली. "खरं सांगू बाई? फार जळायचे मी तुमच्यावर. टीचर माझी भाकरी तोंडात घालायची, चांगली झालीय म्हणायची, आणि पुढचा घास घ्यायच्या आत, आमची बाय असती तर यावर असं केलं असतं. जिवंत माणसाशी निदान भांडता येतं. मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची?"

मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी तिला एकटीने शंभर माणसांची उसळ करून दिली. पण अर्ज पर्समध्येच होता आणि त्याच्यावर दुसरी सही नव्हती. माझ्याबद्दल ती बोलत होती हे खरं, पण बोलत होती इथे बसून. आणि आता तर इथेच राहणार होती.

शनिवारी सगळे चुना लावायला निघाले. माझे गुडघे असे, पण मी तांब्याभर पाणी घेतलं आणि चढायला लागले. अर्ध्यावर एक सपाट कातळ आहे तिथे माझं इंजिन बंद पडलं. मंडळी पुढे गेली. टीचर माझ्याबरोबर बसली. मी पदराने घाम पुसला आणि अर्ज काढून तिच्या मांडीवर ठेवला. पेनसुद्धा आणलं होतं.

तिने अर्ज वाचला. आधी वाचलेला होता तरी पुन्हा वाचला, मास्तरीणच ती.

"बाय, तिथे दारं बंद असतात गं," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी माझं उघडं ठेवीन.

"तुझी सून ठेवू देईल? एसी लावणार ती, तिचंही चुकत नाही. तुझ्या घरात चार माणसं. माझ्या बंद दाराच्या आत मी एकटी. रिटायर झाल्यापासून मी ज्या पॅसेजच्या आवाजावर जगलेय तो पॅसेजच ते पाडणार आहेत. इथे शंभर जणांचं ताट वाढायचं असतं. मला ते हवंय."

"म्हणजे माझ्यापेक्षा डोंगर मोठा," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. पन्नास वर्षं आत होतं.

ती हसली नाही. म्हणाली, "तू इतकी वर्षं डोंगरावर रुसलीस. एकदा येऊन बसली असतीस तर आपल्या दोघींचा झाला असता."

मी शेजारी-शेजारी खोल्या मागत होते ते कोणासाठी? माझ्या दुपारसाठी. मुलगा, सून, नातू बाहेर गेल्यावर माझ्याशी लसूण सोलायला कोणीतरी हवं म्हणून. संध्याकाळी सगळे घरी आले की मी दार लावून घेणार होते आणि ती पलीकडे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं होतं, पण मी आत घेतलं नव्हतं.

वरून कोणीतरी टीचरला हाक मारली. तिने अर्जाची माझ्यासारखीच घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली. मग माझा तांब्या उचलला, आपली बाटली दुसऱ्या हातात, आणि चढायला लागली. तिचं वय माझ्याहून दोन वर्षं जास्त. मी कातळावर बसून बघत होते. वर पोरांनी बांबूला ब्रश बांधले होते. माझं पाणी त्या चुन्यात गेलं की सांडलं, खालून काही कळलं नाही.

रविवारी बस सुटायच्या आधी अक्का माझा डबा घेऊन आली. राखेने घासून चकचकीत केलेला, गळ्यापर्यंत करवंदं. म्हणाली, न्या, जिवंत माणसाचं भांडं कसं ठेवून घेऊ? टीचर तिच्या मागे उभी. ती चार दिवसांनी चाळीत येणार होती, सामान बांधायला.

मी डबा हातात घेतला. दहा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो हाच. आणि डोक्यात आलं, हा मी घरी नेला की फिटलं सगळं. भांडं भरून आलं, रीत पूर्ण झाली. मग जायला-यायला कारण काय राहिलं? मी पिशवी उघडली, करवंदं त्यात ओतली आणि डबा अक्काच्या हातात परत दिला. सांगितलं, त्यात पीठ भरा. शोभेला ठेवू नका. आणि खालच्या फळीवर ठेवा, नाव बाहेरच्या बाजूला करून.

"का, आम्ही विसरू काय?" टीचर म्हणाली.

"तू नाही," मी म्हटलं. "ही प्रार्थनेत घोळ घालेल."

गणपती झाल्यावर आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. आता सातव्या मजल्यावर राहतो. दार बंद असतं, टीचर म्हणाली होती तसंच. शेजारी कोण राहतं ते मला दोन महिने माहीत नव्हतं. माझ्या शेजारची खोली दुसऱ्याच कोणाला गेली आणि त्या बाईचा काही दोष नसताना मला ती आवडत नाही. दुपारी जेवणं झाली की टीचरचा फोन येतो. मी इकडे लसूण सोलत असते, ती तिकडे काहीतरी निवडत असते. तिच्या मागे कायम कोणीतरी असतं. भांडी वाजतात, पोरं पाढे म्हणतात, अक्का हसते. ती कशाला हसली म्हणून मी विचारते. टीचर म्हणते, काही नाही गं. काही नाही कसं? बाई उगाच हसेल का?

जळते अजून. गेलं नाही ते. कमीही झालेलं नाही, फक्त त्याला आता तोंड-नाक आलंय, चष्मा आलाय.

पुढच्या महिन्यात शिबिर आहे. बेसन भाजायला घ्यायचंय, मोठा डबा तिथे असल्यामुळे लाडू या वर्षी पिशवीतून न्यावे लागणार. परवा फोनवर मागून अक्काचा आवाज आला, त्यांना विचार लाडवांत वेलची घालतात की जायफळ. टीचरला माहीत आहे, माझ्या समोर बसून तिने ते हजारदा वळलेत. तरी तिने विचारलं, "बाय, सांगू का गं हिला?"

मी म्हटलं, नको. मी आले की सांगेन.